कोडमधले कोट परत परत वाकडे होतात? फाइल दुरुस्त करण्याआधी बदल कुठं होतोय ते शोधा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाही कॉम्प्युटर क्लास घ्या, एक तक्रार ठरलेली असते. प्रोग्राम डोळ्याला एकदम बरोबर दिसतोय, मॅन्युअलमध्ये आहे तसाच्या तसा आहे, तरी एरर येतोय. मग कुणीतरी शेजारचं वाकून बघतं आणि म्हणतं अरे हे कोट वाकडे झालेत की, सरळ कर, मग पोरगं एकेक कोट खोडून परत टाइप करतं, प्रोग्राम चालतो, सगळे खूश, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला परत तोच एरर. पाटाचं पाणी वर कुठं फुटलंय ते न बघता खाली आपल्या वाफ्यात बांध घालत बसायचं, तसलं चाललंय हे. म्हणून इथं सगळं सविस्तर लिहितोय, कारण फाइल दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम आहे पण बदल कुठं होतोय ते सापडलं नाही तर ही पीडा जात नाही.

आधी झालंय काय ते समजून घेऊया. कीबोर्डवर जो कोट आहे तो सरळ उभा " असा, युनिकोडमध्ये त्याचा नंबर यू+००२२, आणि सिंगल कोट ' हा यू+००२७. वर्ड किंवा फोनचा कीबोर्ड आपण तो दाबला की त्याजागी “ ” हे वाकडे कोट बसवतो, त्यांचे नंबर यू+२०१सी आणि यू+२०१डी. दोन हायफन -- दाबले की त्याचा एक लांब डॅश — होतो. तीन टिंबांचं एक अक्षर होतं. पत्र, पुस्तक, लग्नपत्रिका, पेपरातली बातमी यांच्यासाठी हे बरोबरच आहे, छापील मजकुरात वाकडे कोटच शोभतात. पण पायथन, सी, एचटीएमएल, जेसन यांना फक्त सरळ कोट कळतो, वाकडा कोट त्यांच्या दृष्टीनं क, ख, ग सारखंच एक अक्षर आहे, कोट नव्हेच.

आता लक्षणं, कारण प्रत्येक ठिकाणी हा आजार वेगळा दिसतो आणि त्यामुळंच ओळखू येत नाही. पायथनच्या नवीन व्हर्जनमध्ये एरर सरळ सांगतो, इनव्हॅलिड कॅरेक्टर, आणि पुढं कंसात यू+२०१सी, म्हणजे रोग नाव सांगूनच येतो. जुन्या पायथनवर नुसतं इनव्हॅलिड कॅरेक्टर इन आयडेंटिफायर यायचं, त्यात पोरं व्हेरिएबलचं नाव तपासत बसायची. सी मध्ये जुना जीसीसी कंपायलर असेल तर स्ट्रे \३४२, स्ट्रे \२००, स्ट्रे \२३४ अशी रांग लागते, एका कोटाला तीन एरर, कारण तो एक वाकडा कोट फाइलमध्ये तीन बाइटनं साठवलेला असतो आणि कंपायलर एकेका बाइटवर ओरडतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट म्हणतं इनव्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन. हे सगळे बरे, कारण निदान ओरडतात तरी.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकताना तर हे हमखास. कमिटचा, म्हणजे बदल नोंदवतानाचा, मेसेज वाकड्या कोटात दिला की शेलला (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला) ते कोट वाटतच नाहीत, मग मेसेजचा पहिला शब्द तेवढा मेसेज होतो आणि बाकीचे शब्द फाइलची नावं समजून गिट म्हणतं की पाथस्पेक, म्हणजे दिलेलं फाइलचं नाव, कुठल्याही फाइलशी जुळला नाही. तसंच --अमेंड च्या जागी —अमेंड गेलं तर ते ऑप्शन राहतच नाही, त्यालाही फाइलच समजलं जातं. हा एरर वाचून कुणालाही फाइल हरवली असंच वाटणार, कोटाकडं लक्ष जाणार कसं?

खरा त्रास गप्प बसणाऱ्या चुकांचा. एचटीएमएल कधीच एरर देत नाही. क्लास=“मोठा निळा” असं लिहिलं तर ब्राउझर वाकडा कोट नावाचाच भाग समजतो, पहिल्या स्पेसला व्हॅल्यू संपली म्हणतो, म्हणजे क्लासचं नाव झालं “मोठा आणि निळा” हे भलतंच एक अॅट्रिब्यूट झालं. सीएसएसमध्ये तुम्ही मोठा साठी कितीही नियम लिहा, लागणार नाहीत. लिंक किंवा फोटोच्या पत्त्यात झालं तर ४०४ येतो, आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघितलं की पत्त्याच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि ई२, परत टक्का ८०, टक्का ९सी असं दिसतं, ती वाकड्या कोटाची सही आहे, ती दिसली की पुढं काही शोधूच नका. यॅमलमध्ये (सेटिंग लिहायच्या फाइलचा एक प्रकार) पण एरर नाही, तो कोट व्हॅल्यूचा भाग होऊन पानावर दिसायला लागतो. आणि सोसायटीची सभासद यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामानं कॉलम वेगळे करणाऱ्या फाइलीत, करणारे असतील त्यांनी हे लक्षात ठेवा, “पाटील, खानापूर” असं वाकड्या कोटात असेल तर मधला स्वल्पविराम झाकला जात नाही, नाव एका कॉलममध्ये, गाव दुसऱ्यात, आणि त्या ओळीचा पुढचा सगळा हिशेब एक घर सरकतो.

वर्डचा अजून एक बदल आहे जो कमी लोकांना माहीत आहे. --> टाइप केलं की वर्ड त्याचा बाण करतो. एचटीएमएलमध्ये कॉमेंट संपवायची खूण तीच आहे. म्हणजे कॉमेंट उघडली पण बंदच झाली नाही, आणि तिथनं खालचं सगळं पान कोरं. पान अर्ध्यातनं गायब झालं असेल तर आधी कॉमेंटची शेवटची खूण तपासा.

तर मुद्दा हा की बदल तीन ठिकाणी होऊ शकतो: टाइप करताना, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना, किंवा फाइल बरोबर असून पानावर दाखवताना. तिन्हीचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणूनच सेटिंग बंद केलं तरी परत होतंय असं लोक म्हणतात. ओळखायची पद्धत सोपी आहे ओ. ज्या एडिटरमध्ये काम करताय त्यात नवी कोरी फाइल उघडा, काही पेस्ट करू नका, हातानं एक शब्द डबल कोटात टाइप करा, मग दोन शब्द मधे दोन हायफन घालून टाइप करा आणि स्पेस द्या. इथंच वाकडे झाले तर रोग टायपिंगमध्ये. सरळ राहिले तर कोड तुम्ही जिथनं कॉपी केला तिथं बघायचं. आणि फाइलमध्ये सरळ पण वेबसाइटच्या पानावर वाकडे, तर दाखवणारं सॉफ्टवेअर बदलतंय.

टायपिंगवाल्यांसाठी. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. इथं दोन टॅब जवळजवळ सारख्या नावाचे आहेत, ऑटोफॉरमॅट आणि ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप, आणि दोन्हीत स्मार्ट कोट्सची टिक आहे. बरेच जण पहिल्यातली काढतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. टाइप करतानाचा बदल थांबवायला अॅज यू टाइप मधली काढायची, आणि तिथलीच हायफनची डॅश करणारी टिक पण काढायची. बाणाचा नियम मात्र ऑटोकरेक्ट या टॅबच्या यादीत आहे, तिथनं तो वेगळा डिलीट करावा लागतो. आउटलुकचं सेटिंग वेगळं असतं, वर्डमध्ये काढलं म्हणून मेलमध्ये निघालं असं नाही. आणि एखाद-दुसऱ्या वेळेला सरळ कोट पाहिजे असेल तर कोट दाबल्या दाबल्या कंट्रोल झेड करा, बदल तेवढा मागं जातो, कोट राहतो.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स मधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये लोकलाइज्ड ऑप्शन्स नावाचा टॅब आहे, सिंगल आणि डबल दोन्ही कोटांची रिप्लेसची टिक तिथं, डॅशची मात्र शेजारच्या ऑप्शन्स टॅबमध्ये. गुगल डॉक्सला टूल्स, प्रेफरन्सेस, युज स्मार्ट कोट्स.

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, तिथं इनपुट सोर्सेसच्या शेजारी एडिट आहे, त्यात युज स्मार्ट कोट्स अँड डॅशेस बंद. टेक्स्टएडिटमध्ये एडिट मेनूत सबस्टिट्यूशन्स वेगळे आहेत तेही बघा, आणि कोड लिहायचाच असेल तर फॉरमॅट मेनूतनं मेक प्लेन टेक्स्ट आधी करा. आयफोन, आयपॅडला हे २०१७ साली आयओएस ११ पासनं आलंय, सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, स्मार्ट पंक्चुएशन. अँड्रॉइडवर जीबोर्डचा त्रास वेगळा, तो वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि दोन स्पेस दिल्या की फुलस्टॉप घालतो. मोबाइलवरच पायथन शिकणारी पुष्कळ पोरं आहेत आपल्याकडं, सगळ्यांना लॅपटॉप परवडत नाही, त्यांच्या प्रिंटचा पी कॅपिटल होतो आणि नेम एरर येतो. टेक्स्ट करेक्शनमध्ये जाऊन ऑटो कॅपिटलायझेशन आणि डबल स्पेसचं दोन्ही बंद करा.

विंडोज ११ च्या नोटपॅडबद्दल एक सांगायला पाहिजे, कारण आपण सगळे वर्षानुवर्षं सांगत आलोय की नोटपॅड वापरा, त्यात काही बदलत नाही. २०२४ पासनं नोटपॅडमध्ये पण स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आलंय. कोडच्या फाइलींना ते आपोआप बंद असतं, पण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोड टाइप करून नंतर एक्स्टेन्शन बदलणारे खूप आहेत, त्यांच्या व्हेरिएबलच्या नावात कुणीतरी स्पेलिंग सुधारून ठेवायचं. नोटपॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोकरेक्ट काढून टाका. व्हीएस कोड, नोटपॅड प्लस प्लस असले एडिटर वापरलेत तर हा प्रश्नच येत नाही. व्हीएस कोडमध्ये एक कोट दाबला की दुसरा आपोआप येतो, त्याला घाबरू नका, ते सरळच असतात, नको असेल तर ऑटो क्लोजिंग कोट्स बंद करता येतं.

आता नेताना होणारा बदल, आणि माझ्या मते आपल्या भागातला निम्म्याहून जास्त त्रास इथलाच आहे. लॅब मॅन्युअल वर्डमध्ये केलेलं असतं, कोडसकट, वाकड्या कोटांसकट, त्याची पीडीएफ होते, ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, आणि व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) अभ्यासक्रमातली पोरं त्यातनं कॉपी करून पेस्ट करतात. पोरांच्या मशीनवर कितीही सेटिंग बंद करा, उपयोग शून्य, कारण कोट आधीच वाकडे होऊन आलेत. इथं मॅन्युअल करणाऱ्या सरांना, मॅडमना कळकळीची विनंती आहे, पीडीएफ द्याच, पण सोबत .पीवाय, .सी, .एचटीएमएल अशा मूळ फाइली पण द्या, त्याच ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. लाटेक (खुणा लिहून छापील पानं तयार करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अपकोट पॅकेज लावा, व्हर्बेटिममधले कोट सरळ छापले जातात. आणि वर्डमध्येच करायचं असेल तर कोड आधी एडिटरमध्ये चालवून बघा आणि चाललेला कोड वर्डमध्ये पेस्ट करा, वर्डमध्ये टाइप करू नका. पेस्ट केलेल्याला अॅज यू टाइपचा नियम लागत नाही.

व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये कोड पाठवणं टाळाच. दोन स्टारमधला मजकूर ठळक होतो, दोन अंडरस्कोरमधला तिरका, आणि ती चिन्हं दिसायची बंद होतात, बघून टाइप करणारा ती सोडून देतो. २०२४ पासनं ओळीच्या सुरुवातीला हायफन आणि स्पेस असेल तर बुलेट होतो, > असेल तर कोट केलेला मजकूर होतो, म्हणजे यॅमलच्या यादीचं वाटोळं. अगदीच पाठवायचं असेल तर पुढं-मागं तीन तीन बॅकटिक ``` लावा, पण फाइल पाठवणं कधीही चांगलं.

दाखवताना होणारा बदल वर्डप्रेसवाल्यांना भेटतो. गावातल्या दुकानांच्या, शाळांच्या, मंडळांच्या बऱ्याच साइट त्यावरच आहेत. तुम्ही एडिटरमध्ये सरळ कोट लिहिता, साठवलेले पण सरळच असतात, पान दाखवताना मात्र डब्ल्यूपीटेक्स्चराइज नावाचं फंक्शन ते वाकडे करतं. प्री आणि कोड या टॅगच्या आतलं ते सोडून देतं, त्यामुळं कोड साध्या पॅराग्राफमध्ये न टाकता कोड ब्लॉकमध्ये टाकला की काम झालं. मार्कडाउनमधनं साइट करणाऱ्यांचं पण तेच, ह्यूगोमध्ये टायपोग्राफर नावाचं एक्स्टेन्शन मुळातच चालू असतं, पँडॉकमध्ये स्मार्ट, स्फिंक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्मार्टकोट्स. पण माझं मत विचाराल तर हे बंद करू नका. मराठी लेखात वाकडे कोट सुंदर दिसतात आणि बरोबरही आहेत, फक्त कोडला कोडच्या खुणेत ठेवा.

आता आपला सीमाभागाचा वेगळा भाग, जो इंग्लिश मदतपानांवर सापडत नाही. आपल्याकडं एकाच पानावर मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही असतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी चालू असताना कोटाची की दाबली तर ट आणि शिफ्ट धरून ठ येतो, कोलनच्या जागी छ. म्हणजे सरळ कोट पाहिजे तर दर वेळी इंग्लिशवर जायचं, मग लोक कंटाळून कोट दुसरीकडनं कॉपी करून आणतात, आणि वाकडे आणतात. अंडरस्कोर दाबला तर विसर्ग येतो. तो ः डोळ्याला कोलनसारखाच दिसतो, बारीक फॉन्टमध्ये तर ओळखणं कठीण, आणि जेसनमध्ये कीच्या पुढं तो बसला की तासभर गेला समजा. इंग्लिश अक्षराच्या किंवा कोटाच्या पुढं एकटा विसर्ग आला तर बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच्या आधी टिंबाटिंबांचं गोल दिसतं, ते शोधा. आकड्यांचं पण बघा, पायथनच्या कोडमध्ये १२ असं देवनागरीत लिहिलं तर एरर, पण युजरनं इनपुटमध्ये १२ दिलं तर पायथनचं इंट हे फंक्शन त्याचं बरोबर बारा करतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र करत नाही. गावाकडच्या लोकांसाठी फॉर्म करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायचं.

टेक्स्ट रिप्लेसमेंटचा पण एक घोळ. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं सरकारी इंग्लिश स्पेलिंग बदललं, तेव्हा जुनं स्पेलिंग टाइप केलं की नवं यावं असा नियम कुणी वर्डमध्ये किंवा मॅकवर घातला असेल, तर तो फोटोच्या पाथमध्ये आणि मेल आयडीत पण तेच करणार. फोटोच्या फाइलचं नाव जुनंच आहे, पाथ नवा झाला, फोटो गायब. असले नियम एकदा काढून तपासा.

बेळगावच्या खडे बाजारातल्या, रविवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांना हा रोग आपल्याही आधीपासनं माहीत आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये सिंगल कोटाच्या की वर अर्धा श असतो. वर्डनं तो कोट वाकडा केला की श बिघडला. डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्, त्यामुळं वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणारं सेटिंग चालू असेल तर वाक्याच्या सुरुवातीचा क अर्धा होतो. त्यांनी सगळं ऑटोकरेक्ट बंद ठेवलेलं असतं आणि ते बरोबर आहे, फक्त त्या मशीनवर दुसऱ्या कुणी कामाला बसलं आणि सेटिंग बदललं तर आधी तिकडं बघा.

बिघडलेली फाइल साफ करायची तर व्हीएस कोडमध्ये शोधायची चौकट उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण चालू करा आणि [“”] टाका, बदलीला " द्या, मग [‘’] ला '. डॅश मात्र एकदम सगळे बदलू नका, कुठला एका हायफनचा झालाय आणि कुठला दोनचा ते बघूनच. २०२१ च्या शेवटापासनं व्हीएस कोड असल्या काही संशयी अक्षरांभोवती स्वतःच चौकट काढतो, ती चौकट त्रास देते म्हणून बंद करू नका. व्हिमवाल्यांनी कर्सर अक्षरावर ठेवून जी आणि ए दाबलं की नंबर कळतो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. नेटवर एक उपाय फिरतो, की इंग्लिश सोडून सगळी अक्षरं किंवा सगळी अदृश्य अक्षरं एका झटक्यात उडवा. पहिल्यानं तुमचा मराठी, कन्नड मजकूर पूर्ण जाईल हे दिसतंच. दुसऱ्यानं लगेच कळत नाही. काही कीबोर्डवर दुसर्‍या, तर्‍हा असले शब्द र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं अक्षर यू+२००डी असं मिळून लिहिले जातात, ते उडालं की दुसर्या, तर्हा होऊन बसतात. कन्नडमध्ये सॉफ्टवेअर, फेसबुक असे शब्द लिहिताना जोडाक्षर होऊ नये म्हणून यू+२००सी घालतात, ते काढलं की पुढच्या अक्षराचं ओत्तक्षर होऊन खाली लागतं आणि वाचणारा अडखळतो. उडवायचंच असेल तर न तुटणारी स्पेस यू+००ए० तेवढी शोधा, वर्डमधनं आणि वेबपानांवरनं ती कोडमध्ये येते, तिच्याजागी साधी स्पेस द्या.

एवढं करून पण अडलं तर विचारताना स्क्रीनशॉट पाठवू नका, स्क्रीनशॉटमध्ये दोन कोटांतला फरक कळत नाही. बिघडलेली फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कोड कुठनं आणला ते सांगा, कुठल्या एडिटरमध्ये आणि कुठल्या कीबोर्डवर टाइप केला ते सांगा, आणि वर सांगितलेली कोऱ्या फाइलची टेस्ट करून काय झालं तेही लिहा.